आखाजीच्या गाण्याला इंग्रजीत काय म्हणाल? सुरांसाठी इंग्रजी विशेषणं निवडताना

खान्देशातली गाणी आता मोबाइलवरून कुठल्या कुठे पोचतात. अहिराणी गाण्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की खाली इंग्रजीत चार ओळी लिहाव्या लागतात. युवक महोत्सवात निवेदनाला उभं राहावं, तर समोर परराज्यातले परीक्षक असतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात आपल्या भागातल्या एखाद्या कलाप्रकाराचं वर्णन मागितलेलं असतं. अशा वेळी बहुतेक मुलामुलींच्या पेनातून तीनच शब्द उतरतात: स्वीट, ब्युटिफुल, मेलोडियस. मग आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं झोक्यावरचं गाणंही मेलोडियस, काठी गावच्या होळीतला ढोलही मेलोडियस आणि लग्नातला बँडही मेलोडियस. ज्याने यातलं काहीच ऐकलेलं नाही, त्याच्या कानापर्यंत या वर्णनातून काहीही पोचत नाही.

इंग्रजीत या कामासाठी शब्दांची कमी नाही. निवडायचे कसे, तेवढं कळलं पाहिजे. माझी पद्धत अशी: आधी आपण नेमकं कशाचं वर्णन करतोय ते कानाने ठरवायचं, मग त्याचं नाम लिहायचं आणि विशेषण सगळ्यात शेवटी शोधायचं. शब्दांच्या याद्या पाठ करून हे जमत नाही, कारण इंग्रजीत प्रत्येक विशेषणाची ठरावीक नामांशीच सोयरीक असते.

पायरी पहिली: आधी नाम ठरवा

गाणं ऐकताना गळा, चाल, ठेका आणि भाव हे सगळं एकदम कानावर येतं. मराठीत ‘काय गोड गायली!’ म्हटलं की सगळंच त्यात आलं. इंग्रजीत मात्र गळ्याला व्हॉइस, चालीला ट्यून किंवा मेलडी, ठेक्याला बीट किंवा रिदम आणि एखाद्याने केलेल्या सादरीकरणाला रेंडिशन म्हणतात. शब्दांना लिरिक्स म्हणतात, आणि या अर्थी तो शब्द अनेकवचनीच वापरायचा. तोच सूर सनईवर वेगळा आणि बासरीवर वेगळा वाटतो. या फरकाला टोन म्हणतात किंवा नेमकेपणाने टॅम्बर. हा शब्द लिहिलेला पाहिला की ‘टिंबर’ वाचावासा वाटतो, पण टिंबर म्हणजे इमारती लाकूड. शेवटची दोन अक्षरं उलटसुलट आहेत, एवढाच दोघांच्या स्पेलिंगमधला फरक.

इथेच पहिला खड्डा लागतो. ‘तिचा गळा गोड आहे’ याचं ‘हर थ्रोट इज स्वीट’ करायचं नाही. इंग्रजीत थ्रोट म्हणजे डॉक्टरला दाखवायचा घसा. गाण्यासाठी नेहमी व्हॉइस.

नाम ठरलं की निम्मं काम झालं. कॅची म्हणजे चटकन तोंडात बसणारं. ते ट्यूनला लागतं, व्हॉइसला लागत नाही. हस्की व्हॉइसला लागतं, ट्यूनला नाही. स्टेडी बीटला शोभतं. हॉन्टिंग बहुतेक वेळा मेलडीबरोबर दिसतं. नवा शब्द वहीत उतरवताना तो एकटा न लिहिता त्याच्या नामासकट लिहा. ‘हस्की’ एवढंच लिहून ठेवलं, तर महिन्याभराने तुम्ही हस्की ढोलकी लिहून मोकळे व्हाल.

पायरी दुसरी: मेलोडियसची भावंडं वेगळी ओळखा

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच घरात आहे.

मेलोडियस म्हणजे कानाला गोड लागणारं. व्हॉइस, ट्यून, कोकिळेची साद, देवळातली घंटासुद्धा मेलोडियस असू शकते. उच्चारताना जोर ‘लो’वर येतो. मेलॉडिक या शब्दाचा मुख्य संबंध चालीच्या रचनेशी आहे. आपलं रागसंगीत मेलॉडिक आहे, म्हणजे ते एकामागून एक येणाऱ्या सुरांवर उभं आहे. चालीची एक ओळ दाखवायची तर मेलॉडिक लाइन म्हणतात. एखादं गाणं मेलॉडिक असूनही, गाणाऱ्याला सर्दी झाली असेल तर त्या दिवशी मेलोडियस वाटणार नाही.

ट्यूनफुल म्हणजे सुरेल, सहज गुणगुणता येईल असं. शेतातून येताना कुणी शीळ घालत असेल आणि ती सुरात असेल, तर ती ट्यूनफुल व्हिसल. साधा, घरगुती, निर्मळ शब्द आहे आणि आपल्याकडे तो फार कमी वापरला जातो. अहिराणी बालगीतांना, हळदीच्या गाण्यांना तो छान बसतो.

म्युझिकल जपून वापरा. ‘शी इज म्युझिकल’ म्हणजे तिला सुरांची जाण आहे. ‘म्युझिकल साँग’ म्हणण्यात अर्थ नाही, गाणं सांगीतिक असणारच. आणि ‘अ म्युझिकल’ असं नाम म्हणून आलं, तर त्याचा अर्थ संगीत नाटक किंवा गाण्यांनी गुंफलेला चित्रपट.

आता हार्मोनियस. पेटीला हार्मोनियम म्हणतो म्हणून पेटीच्या साथीवरचं सगळं हार्मोनियस, अशी समजूत पक्की असते. पाश्चात्त्य संगीतात हार्मनी म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर लावून ते एकमेकांशी जुळणं. चौघांचा गट चार वेगळ्या सुरांवर गातो आणि तरी ते कानाला एकसंध लागतं, ती हार्मनी. आपल्या भजनात सगळे एकच चाल एकाच सुरात म्हणतात. त्याला ‘इन युनिसन’ म्हणायचं. खान्देशातल्या कानबाई देवीच्या जागरणात बाया एका सुरात गातात, तेव्हा ‘दे सँग इन युनिसन’ हे बरोबर. ‘इन हार्मनी’ लिहिलं तर जाणकार वाचकाला वेगळंच चित्र दिसेल. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, असा प्रकार असेल तर ‘कॉल-अँड-रिस्पॉन्स’ हा तयार शब्द आहे. भजन, आरत्या, लोकगीतं यांचं वर्णन करताना तो वारंवार उपयोगी पडतो.

मेलिफ्लुअस हा शब्द लॅटिनमधल्या मध आणि वाहणे या दोन शब्दांपासून आला आहे. मधासारखा ओघळणारा, आपल्या ‘रसाळ’च्या अगदी जवळचा. कीर्तनकाराच्या वाणीला, मुरलेल्या निवेदकाच्या आवाजाला तो शोभतो. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘एल’ दोनदा आहे आणि उच्चारात जोर ‘लि’वर आहे. याच घरातला डल्सेट थोडा जुन्या वळणाचा आहे आणि आजकाल तो पुष्कळदा थट्टेत वापरला जातो. नवख्याने गंभीर मजकुरात त्याच्या वाटेला जाऊ नये.

पायरी तिसरी: गळ्याचा पोत

मराठी माणसाचा कान गळ्याच्या बाबतीत फार तयार असतो. आपल्याकडे भरदार, खणखणीत, पहाडी, घोगरा, किनरा, भसाडा, कापरा, आर्त असे कितीतरी शब्द आहेत, म्हणून सुरुवात मराठीतूनच करा. आधी मराठीत नेमका शब्द सापडू द्या, मग त्याचा जोडीदार शोधा.

भरदार, घुमणारा आवाज सोनोरस किंवा रेझोनंट. खणखणीत आवाजाला क्लिअर, रिंगिंग. पहाडी आवाजाला ‘माउंटन व्हॉइस’ म्हणू नका. पॉवरफुल, बूमिंग किंवा गळा मोकळा सोडून गायलेलं असेल तर फुल-थ्रोटेड. थ्रोट गाण्यात चालतो तो असा जोडशब्दातून. किनरा असेल तर हाय-पिच्ड, आणि तो कानाला टोचत असेल तर श्रिल. हाय-पिच्ड ही नोंद आहे, श्रिल ही तक्रार आहे. नाकातला आवाज नेझल, कापरा आवाज क्वेव्हरिंग, श्वास मिसळलेला हळुवार आवाज ब्रीदी.

घोगऱ्याला दोन वाटा आहेत. जन्मजात जाडसर, ऐकायला बरा वाटणारा आवाज हस्की. रात्रभर जागरणात गाऊन किंवा सर्दीने बसलेला आवाज होर्स. हा होर्स आणि सारंगखेड्याच्या यात्रेत विकायला येणारा हॉर्स उच्चाराला सारखेच आहेत. फरक फक्त स्पेलिंगमधल्या एका ‘ए’चा, आणि तो विसरला तर गायिकेच्या आवाजाचा घोडा होतो. लिहिताना दोनदा तपासा.

‘मोठा’ आणि ‘हळू’ या दोन शब्दांनीही फसगत होते. मोठा आवाज म्हणजे लाउड, उंच सुरातला म्हणजे हाय. आपण बोलताना दोन्हींना ‘वरचा आवाज’ म्हणून जातो. ‘हळू गा’ म्हटलं तर कमी आवाजात की संथ लयीत? पहिलं सॉफ्ट, दुसरं स्लो. आणि ‘लो व्हॉइस’ लिहिलं तर वाचणाऱ्याला दबका आवाज की खर्जातला, हे कळत नाही. खर्जासाठी डीप आणि हळुवारपणासाठी सॉफ्ट लिहिलं की शंका राहत नाही.

सूर सुटल्याचं सांगायचं तर आउट ऑफ ट्यून किंवा ऑफ-की. सूर जरा खाली लागला तर फ्लॅट, वर गेला तर शार्प. शिकलेल्या गायकांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्वरलिपीत कोमल स्वराला फ्लॅट आणि तीव्र मध्यमाला शार्प म्हणतात, तिथे तो दोष नसतो. पण ‘शी सँग फ्लॅट’ म्हटलं की दोषच. ‘फ्लॅट व्हॉइस’ म्हटलं तर भाव नसलेला, कोरडा आवाज. याच जातीचा दुसरा फसवा शब्द मोनोटोनस. आपलं ‘एका सुरात’ कौतुकाचं आहे, मोनोटोनस म्हणजे कंटाळवाणं एकसुरी. त्यांची अदलाबदल करू नका.

पायरी चौथी: वाद्य कशाचं बनलंय ते पाहा

वाद्याच्या आवाजाचं विशेषण पुष्कळदा ते वाद्य कसं वाजतं यावरूनच मिळतं. सातपुड्यातल्या आदिवासींची पावरी घ्या. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, फुंकून वाजवायचं. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात तिच्या सुरावर माणसं फेर धरतात. फुंकून वाजतं म्हणून मुलं सरसकट ‘फ्लूट-लाइक’ लिहितात. पण बासरीत हवा भोकाच्या कडेवर आपटून सूर निघतो, म्हणून तिचा आवाज मऊ, श्वासाळ. त्याला मेलो, एअरी, ब्रीदी शोभतं. पावरीत हवेने पाती थरथरते, म्हणून आवाजाला धार येते, किंचित गुणगुण आणि नाकातला स्पर्श येतो. त्याला रीडी म्हणतात, आणि तो शब्द आलाच आहे रीडवरून, म्हणजे या पातीवरून. सनईलाही रीडी चालतो. सनई जास्त तेज असते, म्हणून सोबत ब्राइट किंवा पिअर्सिंग. पिअर्सिंग म्हणजे आरपार जाणारा, तो कौतुकातही येतो आणि तक्रारीतही, म्हणून शेजारी दुसरा शब्द ठेवून आपला रोख स्पष्ट करावा. ‘ब्राइट, पिअर्सिंग नोट्स ऑफ द सनई’ म्हटलं की कौतुक कळतं.

ढोलाकडे या. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिथले मोठाले ढोल छातीत वाजल्याचं आठवत असेल. तिथे डीप, बूमिंग, थंडरस हे शब्द आवाजाच्या आकाराचे. पल्सेटिंग, थ्रॉबिंग हे ठेक्याचे. आणि रात्रभर तोच ठेका ऐकून जी धुंदी चढते तिच्यासाठी हिप्नॉटिक. मेलोडियसला तिथे जागा नाही, कारण ढोल चाल वाजवत नाही. नाचणाऱ्यांच्या कमरेच्या घुंगरांना जिंगलिंग, काचेच्या बांगड्यांच्या नाजूक किणकिणीला टिंकलिंग. संबळ, हलगी यांच्या काडीच्या फटक्याला क्रिस्प किंवा स्नॅपी म्हटलं की त्याचा कोरडा तुकडेदारपणा नीट येतो.

लग्नाच्या बँडला ब्रासी. पितळी वाद्यांचा झगझगीत आवाज त्यात येतो. ब्लेअरिंग म्हटलं तर कान किटवणारा. नवरदेव दारात आल्यावर वाजणारी धून राउझिंग.

गाण्याच्या मागे सतत चालणाऱ्या तानपुऱ्याच्या सुराला ड्रोन म्हणतात आणि त्यात काही वाईट नाही. ‘ड्रोनिंग व्हॉइस’ मात्र झोप आणणारा. जात्याच्या घरघरीसाठी मी लो, स्टेडी, रंबलिंग हे शब्द सुचवेन. त्यावर म्हटलेल्या ओवीला वाद्यांची साथ नसते, म्हणून अनअकम्पनीड. हा शब्द साधा आहे, पण परक्या वाचकाला तो खूप माहिती देतो: एक बाई, एक जातं, बस्स.

मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगबद्दलही लिहावं लागतं. पत्र्यासारखा पोकळ आवाज टिनी, कापडाखालून आल्यासारखा मफल्ड, फाटलेला डिस्टॉर्टेड, स्वच्छ असेल तर क्रिस्प. व्हिडिओखाली प्रामाणिकपणे एक ओळ टाकली की रेकॉर्डिंगचा दोष गाणाऱ्यावर जात नाही.

पायरी पाचवी: भाव

आखाजीला लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्या गाण्यांत खेळकरपणा आहे आणि चार दिवसांनी परत जायचं आहे, ही हुरहूरही आहे. झोक्याच्या लयीवर वरखाली होणाऱ्या चालीला लिल्टिंग हा शब्द जणू बनवूनच ठेवलाय: हलकी, डुलती, झुलती लय. हुरहुरीला विस्टफुल. तक्रारीचा, विनवणीचा आर्त सूर असेल तर प्लेन्टिव्ह. मोर्नफुल थेट शोकाचा आहे, तो माहेरच्या आठवणीला जड पडतो. मनात रेंगाळत राहणारी, किंचित उदास चाल हॉन्टिंग. भुताटकीशी तिचा इथे संबंध नाही. सोलफुल म्हणजे मनापासून ओतून गायलेलं, ते व्हॉइसला आणि रेंडिशनलाही चालतं.

कानबाईच्या गाण्यांना लाइव्हली, एक्झुबरंट. मुक्ताईच्या पालखीसोबतच्या भजनांना डिव्होशनल. रिलिजियस हा शब्द तिथे कोरडा वाटतो. अंगाईला सूदिंग, जेंटल.

कवितेबद्दल लिहिताना लिरिकल हाताशी ठेवा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हतं; घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांना ओव्या सुचत. त्यांच्या रचनांना इंग्रजीत सरसकट ‘मेलोडियस पोएम्स’ म्हटलेलं मला पटत नाही. कामाच्या लयीतून आलेल्या त्या ओळींना रिदमिक आणि लिरिकल हे शब्द जास्त न्याय देतात. रिदमचं स्पेलिंग अनेकांना छळतं: आर, एच, वाय, टी, एच, एम. त्यात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही स्वर नाही, हे ध्यानात ठेवलं की चुकत नाही.

पायरी सहावी: वाक्यात बसवा

व्याकरणाचं थोडक्यात. ‘साउंड’ या क्रियापदापुढे विशेषण येतं: ‘इट साउंड्स स्वीट’, ‘स्वीटली’ नाही. ‘सिंग’पुढे क्रियाविशेषण: ‘शी सिंग्ज ब्युटिफुली’. ‘मेलोडियसली’ बरोबर असलं तरी अवघडलेलं वाटतं; त्यापेक्षा ‘शी हॅज अ मेलोडियस व्हॉइस’. गाणं मूव्हिंग असतं, आपण मूव्ह्ड होतो. ‘आय वॉज मूव्हिंग’ म्हणजे मी हलत होतो. म्युझिकला अनेकवचन नाही आणि त्याआधी ‘अ’ लावायचा नाही. एक रचना म्हणायची तर ‘अ पीस ऑफ म्युझिक’. दोन विशेषणं लावायची तर आपलं मत आधी आणि आवाजाचा गुण नंतर: ‘अ हॉन्टिंग, लो-पिच्ड मेलडी’. तीन विशेषणं एका नामावर लादू नका.

पायरी सातवी: एक ओळ दुरुस्त करून पाहू

समजा झोक्यावरच्या गाण्याच्या व्हिडिओखाली असं लिहिलंय: ‘दिस इज व्हेरी स्वीट अँड मेलोडियस म्युझिकल साँग ऑफ अवर खान्देश.’ यातून कोण गातंय, कधी, वाद्यं आहेत का, लय कशी, काहीच कळत नाही. ‘म्युझिकल साँग’ काढा. ‘व्हेरी’ काढा. आता ऐका. बाया गाताहेत, वाद्य नाही, चाल झुलती आहे, शेवटाला हुरहूर आहे. मग ओळ अशी होईल: ‘अ लिल्टिंग, अनअकम्पनीड साँग इन अहिराणी, संग बाय विमेन ऑन द स्विंग ड्युरिंग आखाजी. द ट्यून इज प्लेफुल, बट द लास्ट लाइन्स टर्न विस्टफुल.’

इथे ‘स्विंग साँग’ असा सुटसुटीत जोडशब्द करण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण स्विंग हा अमेरिकेतल्या जॅझ संगीताचा एक प्रकार आहे आणि वाचणारा ट्रम्पेट, सॅक्सोफोन ऐकायच्या तयारीने व्हिडिओ उघडेल. आखाजी हा शब्द मात्र तसाच ठेवा आणि पुढे चार शब्दांत सांगा: वैशाखातला सण, लग्न झालेल्या मुली माहेरी येतात तो. गौराई, कानबाई, पावरी, संबळ ही नावं इंग्रजीत बदलू नका. विशेषण इंग्रजी असावं, नाव आपलं राहावं.

सरावासाठी आकाशवाणी जळगाव लावा किंवा घरातल्या आजीला एक ओवी म्हणायला सांगा. आधी मराठीत तीन शब्द लिहा, मग प्रत्येकाचं नाम, मग इंग्रजी जोडीदार. शंका आली तर विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडा. मोबाइलवर त्यात उच्चार ऐकायला मिळतो आणि खालच्या उदाहरणांत विशेषणासोबत कोणतं नाम येतं तेही दिसतं. तुमची जोडी तिथे दिसली, तर बिनधास्त लिहा. दिसली नाही, तर दुसरी शोधा. आणि मजकूर टाकण्याआधी जिने गाणं म्हटलंय तिला तो मराठीत समजावून सांगा. ‘हे गाणं रडकं नाही, चिडवायचं आहे,’ असं ती म्हणाली तर प्लेन्टिव्ह खोडून टीझिंग लिहा.